दार लाव, थंडी शिरतेय

मोंतेविदेओ, ९ जून १९८६

प्रिय एल्बा,

आधी बातमी, चौकशा मागून. एस्ट्रेया क्लबचं टाळं निघालं! ते ठोकणारे लष्करवाले सत्ता सोडून जाताना किल्ली कुणाकडे देऊन गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकारी कचेरीत महिनाभर खेटे घातले, तिथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. शेवटी आपल्या अन्सेल्मोनं स्वतःच्या लोखंडाच्या दुकानातली पहार आणली आणि दोन मिनिटांत काम केलं. आत मोडक्या खुर्च्या, पारव्यांची घाण आणि भिंतीवर त्र्याहत्तर सालच्या वसंत सप्ताहाचा कार्यक्रम अजून चिकटलेला. शनिवारच्या ओळीत तुझं नाव आहे.

तर ऑक्टोबरात पुन्हा सप्ताह करायचा ठरलंय. तुमच्याकडे तेव्हा पानगळ असेल, इथे गल्लीतल्या झाडांना पालवी फुटलेली असेल. समितीत मी, वॉशिंग्टन आणि अन्सेल्मो. वॉशिंग्टन तुरुंगातून सुटून आला ते तुला कळवलंच होतं. केस सगळे गेले, पण प्रोजेक्टर दिसल्याबरोबर पहिलं काय केलं तर फुंकर मारून भिंग पुसलं. अन्सेल्मो पूर्वीपेक्षा बहिरा झालाय, म्हणजे बैठका कशा होतात ते तू समज. ढोलवाले येणार, पोरांचं नाटक आहे, टँगो गाणारी निबिया तीन संध्याकाळी गाणार म्हणते, आम्ही एक देतोय. आणि शनिवारी सिनेमा. कुठला, ते सांगायला नको. तोच पोलिश, नावाडी आणि त्याची बायको. दुसरा कुठला लावला तर लोक आम्हालाच नदीत बुडवतील.

वाचायला तू यायचंस. हे विचारत नाहीये, कळवतेय.

इथल्या नव्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. पूर्वी असले परदेशी सिनेमे खाली पाट्या न लावताच यायचे, आणि एक बाई दिवा लावून टेबलाशी बसायची, कागदावरचं भाषांतर माइकमध्ये वाचायची, हे त्यांना खरंच वाटत नाही. नावाडी तूच, बायको तूच, गुरांचा डॉक्टरही तूच. पोरं म्हणतात, एकाच आवाजात ऐकून कंटाळा नाही यायचा का? मी म्हटलं, तुम्ही एल्बाला ऐकलेलं नाही, गप्प बसा. मग त्यांना थर्मासची गोष्ट सांगते. पहिल्याच वर्षी वॉशिंग्टननं येर्बाचा सगळा कडू चहा शेवटच्या रिळाच्या कागदांवर सांडला आणि शाई वाहून गेली. पडद्यावर बाई दारात उभी, बाहेर बर्फात नवरा, सात वर्षांनी परत आलेला. बाई बोलतेय, बोलतेय, थांबायचं नाव नाही, आणि तू नुसती तिच्याकडे बघतेयस. शेवटी माइक जवळ ओढून तू म्हणालीस, "ये आत. आणि दार लाव, थंडी शिरतेय." एवढंच! तेवढ्या पोलिशचं एवढंसं भाषांतर! हे कागदावरचं नाही, तुझं आहे, हे सगळ्यांना कळलं होतं, कुणी हसलंसुद्धा नाही. मागून अन्सेल्मो तेवढा ओरडला, "मोठ्यानं!" आणि तू पुन्हा म्हटलंस. नंतर दर वर्षी तेच म्हणायचीस, आणि दर वर्षी तो तसाच ओरडायचा.

वॉशिंग्टन सुटून घरी आला तेव्हा त्याच्या आईनं दारात काय म्हटलं असेल? मार्च महिना, घामानं सगळे निथळत होते. तरी तिनं हेच म्हटलं. वस्तीत आता तसंच म्हणतात, कुणीही परत आलं की.

मागची खोली रिकामी आहे. मांजर आहे, पण ते हलेल. लिलियान पोरीला माझे मुके दे आणि लवकर कळव.

तुझी मावसबहीण आणि सध्या क्लबची चिटणीस,
झुल्मा


माल्मो, १ जुलै १९८६

प्रिय झुल्मा,

पत्र मिळालं. पहार वाचून मी आणि लिलियान खूप हसलो. टाळं निघालं याचा आनंद किती झाला ते लिहिता येत नाही.

माझं येणं मात्र जमेलसं दिसत नाही. हॉस्पिटलच्या धुलाईघरात ऑक्टोबरात माणसं कमी असतात, रजा मिळणं अवघड. शिवाय एवढा लांबचा प्रवास. आणि माझा आवाज आता काही तसा राहिलेला नाही. निबियाला द्या वाचायला. तिला माइक आवडतो.

तू सगळं लिही. ढोल तापवायला अजून त्या कोपऱ्यावरच शेकोटी करतात का? म्हातारी दोन्या चोला अजून खिडकीत बसते का? टेबलावरचा तो हिरव्या काचेचा दिवा सापडला का? वॉशिंग्टनला सांग, त्याच्या टकलाचा फोटो पाठव.

इथे रात्र होतच नाही सध्या. पडदे लावून झोपावं लागतं.

तुझी,
एल्बा


मोंतेविदेओ, २० जुलै १९८६

एल्बे,

आवाज राहिला नाही म्हणे! कुणाचा राहिलाय? माझे गुडघे राहिले नाहीत, वॉशिंग्टनचे केस राहिले नाहीत, निबियाचा तर गळा कधी नव्हताच. ही सबब मी फाईलला लावलेली नाही. रजेचंही मला सांगू नकोस. तू वर्षानुवर्षं रजा घेत नाहीस असं लिलियाननंच लिहिलं होतं.

दिवा सापडला. काच तडकलीय, पण पेटतो. दोन्या चोला खिडकीत आहे, आता तिला दिसत नाही, पण कोण गेलं ते चपलांवरून सांगते.

आता ऐक, इथे काय गोंधळ झालाय. सिनेमाची प्रत मिळाली. फिल्म-संग्रहातल्या बाईंनी फार आपुलकीनं दिली, नवी कोरी. आणि नवी म्हणून तिच्यावर खाली स्पॅनिश पाट्या छापलेल्या! बाई म्हणाल्या, आता तुम्हाला वाचणारीची गरजच नाही. आम्ही आभार मानून डबे घेऊन आलो आणि चर्चच्या मागच्या हॉलमध्ये तपासून पाहिलं. पहिली रिळं ठीक. म्हणजे तू जे वाचायचीस तेच साधारण, जरा कोरडं. आणि मग शेवटचं रीळ.

अगं, ती त्याला आत घेतच नाही!

ती सगळं सांगते. गाय विकली ते सांगते. थोरला तापानं गेला ते सांगते. छप्पर एकटीनं शाकारलं ते सांगते. आणि म्हणते, होडीच्या खोपीत झोप, उजाडलं की नीघ. मग कॅमेरा नदीवर जातो आणि संपतं. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की तो आत गेला आणि कॅमेरा सभ्यपणानं बाहेर थांबला!

वॉशिंग्टननं दिवे लावले. मग खाटीक ओर्तुसार म्हणाला, "हे चूक आहे." मी म्हटलं, अरे हेच खरं आहे, पोलंडवाल्यांचा सिनेमा आहे. तो म्हणाला, "असेल त्यांचा. भाषांतर चूक आहे." वॉशिंग्टनची आई रडायलाच लागली. म्हणाली, मी माझ्या मुलाला जे म्हटलं ते त्या बाईनं म्हटलंच नव्हतं का?

दुसऱ्या दिवशी बैठक. पाट्या ठेवायच्या की तुझं ठेवायचं? अन्सेल्मोला प्रश्न ऐकू आला नाही म्हणून त्यानं दोन्ही वेळा हात वर केला. तरीही तुझं जिंकलं. आता पाट्या छापलेल्या, त्या पुसायच्या कशा? वॉशिंग्टननं तोड काढली. पडद्याच्या खालच्या कडेला बांबूला बांधून काळं कापड आडवं लावायचं, म्हणजे पाट्या त्याच्यावर पडतील आणि दिसणार नाहीत. लोकांचे पाय कापले जातील, पण पाय कोण बघतंय!

निबियानं वाचून दाखवलं. साबणाची जाहिरात करावी तसं. 'ये आत' इतक्या गोड आवाजात म्हणाली की ओर्तुसार उठून बाहेरच गेला.

तेव्हा, यायचं नसेल तर असं कर. कॅसेटमध्ये बोल आणि पाठव. पूर्वी दर नाताळला पाठवायचीस की, लिलियानचं गाणं, तुझ्या शिव्या, खिडकीबाहेरचा बर्फ खरवडायचा आवाज. गेली दोन वर्षं तेही बंद केलंस. आम्ही कॅसेट लावू आणि टेबलावर दिवा ठेवू. पण तू हवीस.

झुल्मा


माल्मो, १२ ऑगस्ट १९८६

झुल्मा,

कॅसेट पाठवणार नाही. कृपा करून पुन्हा विचारू नकोस.

पाट्या आहेत तर पाट्याच दाखवा. तोच खरा सिनेमा आहे. त्या बाईला आत न घेण्याचा हक्क होता, तिची गाय गेली, मुलगा गेला. मी तेव्हा तरुण होते, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. त्याचं एवढं करू नका.

लिलियान बरी आहे.

एल्बा


मोंतेविदेओ, ३० ऑगस्ट १९८६

एल्बा,

तुझं पत्र समितीत वाचून दाखवायला नेलं आणि परत आणलं. वाचायची मला लाज वाटली.

काहीतरी बोलायचं म्हणून बोललीस? बरं. मग आम्ही मूर्ख ठरलो. मीपण मूर्ख. तू गेलीस त्या दिवशी बंदरावर मी तुला काय म्हटलं होतं ते आठवतं का? परत आलीस की मी तुला दारात हेच म्हणेन, असं म्हटलं होतं. अकरा वर्षं मी त्या वाक्यावर बसून आहे.

तू तिकडे गेलीस, तुला जावं लागलं, त्याबद्दल मी कधी शब्द काढला नाही. पण आम्ही इथे राहिलो. राहणाऱ्यांनाही काही सोपं नव्हतं. आता तुरुंगातले आले, मेक्सिकोतले आले, बार्सिलोनातून ते पेरेरा आले, चार पोरं आणि कुत्रा घेऊन. तुला मात्र धुलाईघरातून रजा मिळत नाही. स्वीडनच्या बाईसाहेब झाल्या! आमच्यासाठी माइकमध्ये दोन शब्द बोलायचे तर कमीपणा वाटतो.

आणि फोनचं काय? नाताळला केला, लिलियान म्हणाली, आई अंघोळीला गेलीय. त्याच्या आदल्या नाताळला केला, आई अंघोळीला. मधे तुझ्या वाढदिवसाला केला, आई अंघोळीला! एवढी स्वच्छ तू इथे असताना नव्हतीस.

माझ्याशी बोलायचं नसेल तर तसं सरळ लिही. मी पुन्हा विचारणार नाही.

झुल्मा


माल्मो, १४ सप्टेंबर १९८६

झुल्मे,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. लिलियाननं वाचलं आणि म्हणाली, आता लिहिलं नाहीस तर मी लिहीन. म्हणून लिहितेय.

माझा आवाज गेला. राहिला नाही म्हणजे जाडसर झाला किंवा बसला असं नाही. गेला. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सगळं स्वरयंत्र काढून टाकलं. गाठ गेली, मी बरी आहे, तपासण्या चांगल्या येतात. गळ्याला खाली भोक आहे, त्यातून श्वास घेते, वर रुमाल बांधते. तोंडातून आवाज येत नाही. शिंकले तरी येत नाही. हसते तेव्हा खांदे हलतात, तेवढंच.

एक यंत्र दिलंय, पुरुषांच्या दाढीच्या मशीनएवढं. मानेला लावून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. मग बोलणं ऐकू येतं, पण एकाच सुरात, बाटलीत माशी अडकल्यासारखं. इथे मी ते वापरते. बेकरीत, बसमध्ये, धुलाईघरात. इथल्या लोकांनी माझा आधीचा आवाज फारसा ऐकलेला नाही, आणि ऐकला तो मोडक्या स्वीडिशमध्ये. त्यांना काही वाटत नाही, म्हणून मला वाटत नाही.

तिथलं वेगळं आहे. तिथे मी कोण होते? दिसायला बेताची, शिकलेली बेताची. टेबलाशी बसले आणि दिवा लावला की मग मी कुणीतरी व्हायचे. तुम्हा सगळ्यांच्या कानात ती बाई आहे, आणि ती चांगली आहे. तिच्या जागी ही माशी बसवायची मला हिंमत होत नाही. कॅसेट का नाही, फोन का नाही, ते आता कळलं असेल. अंघोळीचं लिलियानच्या डोक्यातून निघालं, तिला दुसरं काही सुचत नाही.

बंदरावरचं मला आठवतं. विसरले असं समजू नकोस.

मला तुझा राग आला नाही. बाईसाहेब म्हटलंस तेव्हा थोडा आला.

एल्बा


मोंतेविदेओ, २६ सप्टेंबर १९८६

माझ्या एल्बे,

पत्र वाचलं, किटली चुलीवर ठेवली आणि विसरले. किटली जळली. दुसरी आणली, येर्बा केला, मग बसून रडले. ते झालं. आता कामाचं बोलू.

जेवता येतं ना? काय खातेस? मांस चालतं की शिजवून मऊ करावं लागतं? येर्बा नळीनं ओढून पिता येतो का? रात्री उशा किती लागतात? भोकात पाणी जायला नको असेल, तर इथल्या न्हाणीघराचा फवारा छताला आहे, तो अन्सेल्मोकडून खाली घेऊन ठेवते. रुमाल कुठल्या रंगाचे बांधतेस? माझ्याकडे आईचे रेशमी आहेत, वापरायला कुणी नाही.

मागच्या पत्रात जे लिहिलं त्याची मला लाज वाटते, तेवढं एकदा लिहून टाकते. तू दोन वर्षं एकटीनं हे काढलंस आणि मी इथे बसून अंघोळी मोजत होते.

आता सिनेमाबद्दल. तू वाचायचं नाहीस. तू फक्त यायचंस. वाचणार कोण, तर कुणीच नाही. मी वॉशिंग्टनला सांगितलं, फक्त त्यालाच, म्हणजे आता सगळ्या वस्तीला माहीत आहे. काल ओर्तुसारच्या दुकानात मांस घ्यायला गेले तर तो हाडं तोडता तोडता म्हणाला, "त्यात काय, नावाड्याचं मला सगळं पाठ आहे." आणि सुरूच झाला! दोन्या चोलाला बायकोचं पाठ. पेरेरा नवराबायको डॉक्टरवरून भांडताहेत. तेव्हा आम्ही बोलू, काळं कापड पाट्या झाकेल, आणि तू आम्ही चुकतो का ते बघ.

समितीनं एक नियम केलाय. तुझ्याकडे बघून कुणी केविलवाणं तोंड करायचं नाही. जो करेल त्याला निबियाची सगळी गाणी ऐकावी लागतील.

यंत्र नाही काढलंस तरी चालेल. वही आणि पेन मी आणून ठेवते. ये.

झुल्मा


मोंतेविदेओ, ६ नोव्हेंबर १९८६

एल्बे,

सुखरूप पोचल्याचं लिलियाननं कळवलं. मांजर तुझ्या खोलीतून बाहेर यायला तयार नाही. तुझ्या चिठ्ठ्या घरभर सापडताहेत. काल साखरेच्या डब्याखाली एक निघाली, 'तू चहात फार साखर घालतेस.' ती मी तिथेच ठेवली.

सप्ताहाचा हिशोब असा. नाटकात राजा संवाद विसरला आणि राणीनं दोघांचे म्हटले. ढोलवाल्यांच्या शेकोटीनं कोपऱ्यावरचं झाड होरपळलं, पण पालवी वरून फुटतेय. निबिया दोन दिवस रुसली, आता पुढच्या वर्षी चार संध्याकाळी मागतेय.

आता मुख्य. शनिवारी काय झालं ते मला अजून नीट माहीत नाही! पहिल्याच रिळाला त्या काळ्या कापडाची दोरी तुटली. मग बांबूचं एक टोक हातात धरून मी अख्खा सिनेमा पडद्यामागे उकिडवी बसून काढला. बंदरावरचं जाड शीड तो पडदा, त्यातून उजेडसुद्धा येत नव्हता. सगळे बोलताहेत ते ऐकू येत होतं. नावाड्याचं बोलणारे पुरुष एका सुरात, बायका अर्धी ओळ मागेपुढे, रविवारच्या प्रार्थनेसारख्या. मध्येच पेरेरा बायकोला म्हणाला, "जाळं नाही, मासे!" मग शेवटचं रीळ आलं आणि सगळे गप्प झाले. मला वाटलं, विसरले. मग काहीतरी घरघरलं. मला वाटलं, अ‍ॅम्प्लिफायर जळाला! वॉशिंग्टनला हाक मारणार होते. मग अन्सेल्मो ओरडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुझं विमान, आणि घरात तोपर्यंत माणसांची रीघ. विमानतळावर विचारलं तर पिशवीच्या कागदावर लिहिलंस, 'पत्रात.' सगळ्यांना विचारलं, प्रत्येक जण वेगळं सांगतो. ओर्तुसार म्हणतो तू उभी राहिलीस. दोन्या चोला, जिला दिसत नाही, म्हणते तू रडत होतीस. वॉशिंग्टनला विचारलं की तो भिंग पुसायला लागतो.

माझ्या घरात तू तीन आठवडे होतीस आणि ते यंत्र एकदाही पिशवीतून काढलं नाहीस. मी मागितलंही नाही. मग तिथे का काढलंस?

झुल्मा


माल्मो, २४ नोव्हेंबर १९८६

झुल्मे,

मी उभी राहिले नव्हते आणि रडत नव्हते. लिही आता तुझ्या हिशोबात.

पहिलं म्हणजे मला टेबलाशी बसायचंच नव्हतं. मी मागे अन्सेल्मोशेजारी बसणार होते. वॉशिंग्टननं दिवा लावला, खुर्ची ओढली आणि प्रोजेक्टरकडे निघून गेला. सगळ्यांच्या देखत खुर्ची रिकामी ठेवणं बरं दिसेना, म्हणून बसले. माइकही चालू होता. पिशवी पायाशी होती.

बोलायला सुरुवात झाली तेव्हा मला हसू आलं. माझे खांदे हलत होते, त्यावरून कुणाला रडले असं वाटलं असेल. किती चुका करत होता तुम्ही! गुरांचा डॉक्टर 'उद्या येतो' म्हणतो, 'परवा' नाही. पण माझेच श्वास होते त्यात. मी जिथे थांबायचे तिथे ओर्तुसार थांबत होता. डोंगरासारखा तो माणूस, आणि माझ्यासारखा थांबतो! मी ओठ हलवत बसले होते सगळा वेळ, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तुझ्या नियमामुळे माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. झुल्मे, तो नियम तू जरा जास्तच कडक केला होतास. तीन आठवडे सगळे माझ्या कपाळाकडे बघून बोलत होते.

मग शेवटचं रीळ. बाईनं दार उघडलं आणि सगळे गप्प. मलाही वाटलं, विसरले. मान वर करून पाहिलं तर कुणी विसरलं नव्हतं. वॉशिंग्टनच्या आईचे ओठ घट्ट मिटलेले होते. ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं. मी बोलले नसते तर कुणीच बोललं नसतं, आणि कुणी रागावलंही नसतं.

मी बोलणार नव्हतेच, खरं सांगते. तुला लिहिलं होतं ना, त्या बाईला हक्क होता? तो आहेच. पडद्यावर ती बोलत होती, गाय, मुलगा, छप्पर, आणि आता ते सगळं मला माहीत होतं. पूर्वी माहीत नव्हतं. खाली तुझं काळं कापड थरथरत होतं, हात भरून आले असणार तुझे. आणि तो बाहेर बर्फात उभा, टोपी हातात घेऊन. मला ते रीळ पाठ आहे. ती एप्रनला हात पुसते आणि लगेच नदी दिसायला लागते. तिनं हात पुसायला घेतले. आता कुणी काही म्हटलं नाही तर हा माणूस बाहेरच राहणार, आणि सबंध वस्ती बघत असताना राहणार. एवढंच माझ्या डोक्यात आलं. यंत्र कधी काढलं, रुमाल कधी बाजूला केला, आठवत नाही. बटण दाबलं आणि माइकमध्ये म्हटलं.

तू जे ऐकलंस ते मीही ऐकलं. अ‍ॅम्प्लिफायर जळाल्यासारखं.

कुणी हललं नाही. सगळे पडद्याकडे बघत होते, नियमाप्रमाणे, फारच नीट बघत होते. मला वाटलं, संपलं, आता यांच्या कानातली ती बाई गेली. यंत्र पिशवीत टाकायला हात खाली नेला.

आणि मागून अन्सेल्मो ओरडला, "मोठ्यानं!"

त्याच्या बायकोनं त्याला पर्सनं मारलं. निम्मे लोक वळून शूः शूः करायला लागले. ओर्तुसार तर उठलाच, त्याला उचलून बाहेर नेतो की काय असं वाटलं. आणि तो बिचारा सगळ्यांकडे बघतोय, आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. त्याला फरकच कळला नव्हता, झुल्मे! त्याला त्र्याहत्तर सालीही माझा आवाज ऐकू येत नव्हता आणि आताही आला नाही. त्याच्यापुरती मी तीच होते, पहिल्यासारखीच हळू बोलणारी.

यंत्राच्या बाजूला आवाज वाढवायची एक खुंटी आहे. ती मी शेवटपर्यंत फिरवली आणि पुन्हा म्हटलं.

"ये आत. आणि दार लाव, थंडी शिरतेय."

मग नदी आली.

पुढच्या वर्षी डॉक्टरचे संवाद कुणाला तरी नीट पाठ करायला सांग. आणि बांबूला दोरीऐवजी तार बांधा, म्हणजे तुला समोर बसता येईल.

नाताळला फोन कर. मी अंघोळीला गेलेली नसेन.

तुझी,
एल्बा